महालक्ष्म्या नेरूळला निघाल्या

विदर्भ एक्स्प्रेसमध्ये खालच्या बर्थखाली पत्र्याची पेटी सरकवत होतो, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी सहज विचारलं, "काय आहे एवढं जड?" आई म्हणाल्या, "पोरी हायेत माह्या. दोघी." झोप लागेपर्यंत ते गृहस्थ पेटीकडे बघत होते.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७९. पेटीत आमच्या घरच्या महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे, त्यांची दोन बाळं, हात आणि दागिन्यांचा डबा. बाकी महाराष्ट्र ज्यांना गौरी म्हणतो, त्या आमच्या विदर्भात महालक्ष्म्या. आमच्याकडे त्यांची पाळी आहे, एक वर्ष थोरल्या घरी, एक वर्ष आमच्याकडे. थोरले दीर गेल्यावर जाऊबाई मुलाकडे राहायला गेल्या आणि पुतण्याने गेल्या दिवाळीत नवी मुंबईत नेरूळला फ्लॅट घेतला. त्यामुळे यंदा, म्हणजे २०२५ला, थोरल्या घरची पाळी अकोल्याहून थेट अकराव्या मजल्यावर गेली. "लक्ष्मी चंचल असते हे ऐकून होतो, पण तिचं तिकीट काढायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं," इति आमचे हे.

मुखवटे न्यायचे असतील तर एक सांगते. फुगेवाल्या प्लॅस्टिकात गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि पितळ काळं पडतं. जुनं सुती लुगडं सगळ्यात चांगलं. आणि निघायच्या आधी यादी करून एकेक वस्तूवर खूण करा. ही सूचना इतक्या कळकळीने का देते आहे, ते रविवारच्या भागात येईलच.

शनिवार, ३० ऑगस्ट : ठाणे

गाडीने पहाटे वेळेवर ठाण्याला सोडलं. नौपाड्यात माझी मावशी राहते, तिच्याकडे अंघोळी, पोहे, चहा. नेरूळला संध्याकाळी पोचलं तरी चालणार होतं, म्हणून मावशी म्हणाली, चला, जांभळी नाक्यावरून गौरीचा बाजार करून येऊ.

असा बाजार मी पाहिला नव्हता. पावसाची भुरभुर, वर निळ्या ताडपत्र्या, आणि खाली जमिनीवर हिरवं रान पसरलेलं. आघाडा, दूर्वा, केवडा, हळदीची पानं, कर्दळ, आणि जिकडेतिकडे गुलाबी-जांभळ्या फुलांचा तेरडा. लाल-पिवळी, आगीच्या ज्वाळांसारखी वर वळलेली फुलंही होती. मावशी म्हणाली ही कळलावी, इकडे हिला गौरीचे हात म्हणतात. आईंनी एक फूल हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "खरंच की वं. बोटं हायेत."

तेरडा विकणारी बाई मुरबाडकडून पहाटेच्या टेम्पोने आली होती. जुडी पन्नास रुपयांना. आई चाटच पडल्या, आमच्याकडे कुंपणाला उगवतो तो. पण मला थांबवलं ते जुडीच्या दुसऱ्या टोकाने. प्रत्येक रोप मुळासकट होतं आणि मुळांना लाल माती तशीच चिकटलेली. मी म्हटलं, "ताई, माती झटकून द्या ना." ती म्हणाली, "मुळं हायत तशीच ऱ्हाऊ द्या. ती गौरीची पावलं. घरी नेऊन धुवायची."

मी वीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. श्रीसूक्त तोंडपाठ आहे. त्यात लक्ष्मीबरोबर घरात कोणाला बोलावलंय, तर कर्दमाला. कर्दम म्हणजे चिखल. पुढच्याच ऋचेत चिक्लीत येतो, तो म्हणजे ओलावा. परंपरेने हे तिचे मुलगे. आणि नवव्या ऋचेत तिला 'करीषिणी' म्हटलंय. करीष म्हणजे शेण. वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची, सोन्याच्या माळा घालणारी देवी आणि शेण काय! सोनं-चांदी सूक्तात आहेच, पहिल्याच ओळीत आहे. पण ज्यांनी हे रचलं त्यांची श्रीमंती गोठ्यात आणि ओल्या शेतात होती. ते मला पुस्तकातून माहीत होतं. पन्नास रुपयांच्या त्या जुडीत ते हाताला लागलं.

नंतर मासुंदा तलावाच्या काठी बसलो. ठाणेकर त्याला तलावपाळी म्हणतात. आईंचे पाय दुखत होते, मावशीने शेंगदाणे घेतले. बसल्या बसल्या मी ह्यांना सांगत होते की या गावाचं जुनं नाव श्रीस्थानक. उत्तर कोकणच्या शिलाहारांची ही राजधानी. त्यांच्यातल्या अरिकेसरी राजाचा १०१७ सालचा ताम्रपट ठाण्यातच सापडला. त्यांचेच भाऊबंद कोल्हापूरचे शिलाहार, ते तर स्वतःला 'श्रीमहालक्ष्मीलब्धवरप्रसाद' म्हणवून घ्यायचे, महालक्ष्मीचा वर मिळालेले. ध्वजावर सोन्याचा गरुड. ह्यांनी समोरच्या वाहतुकीकडे बघत विचारलं, "मग आता श्रीचं स्थानक कोणतं, ठाणे की नेरूळ?" आई म्हणाल्या, "जिथं पेटी हाये थिथं." पेटी तेव्हा मावशीच्या दिवाणाखाली होती.

ठाण्याहून नेरूळला जायला ट्रान्स हार्बरची लोकल बरी. पनवेल किंवा नेरूळ लिहिलेली पकडा. वाशीची गाडी तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते, आमच्यासारखे परगावचे हमखास फसतात. दुपारी दोन ते चारमध्ये पेटी घेऊन चढता येतं. सहानंतर नुसतं स्वतः चढलात तरी पुष्कळ. डावीकडे पारसिकचे डोंगर पावसात हिरवेगार होते आणि एका ठिकाणी चक्क धबधबा दिसला.

रविवार, ३१ ऑगस्ट : आवाहन

सकाळी सहाला पुतण्या म्हणाला, काकू, फिरायला येता का, तुमच्या उपयोगाची जागा दाखवतो. सीवूड्सच्या बाजूला मोठाल्या इमारतींच्या पायथ्याशी एक तळं आहे, सगळे त्याला लोटस लेक म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. ताटाएवढी पानं, त्यांवर पाऱ्यासारखे थेंब इकडून तिकडे पळताहेत, आणि मधून मधून गुलाबी कमळं मान वर काढून उभी. पाणी मात्र गढूळ, काठावर घोट्याएवढा चिखल. एक पाणकोंबडी पानांवरून चालत गेली, पान बुडालं नाही.

वेरूळला कैलास लेण्यात शिरताना समोरच गजलक्ष्मी आहे, पाहिली असेल तुम्ही. दोन्हीकडून हत्ती तिच्यावर पाणी ओतताहेत आणि ती कमळांनी गच्च भरलेल्या तळ्यात बसली आहे. मी ती तीनदा पाहिली होती आणि दर वेळी हत्तींकडेच पाहिलं होतं. खालचं ते तळं शिल्पकाराने एवढं मन लावून का कोरलं असेल, हा प्रश्न मला नेरूळला पडला.

इथे यायचं तर आठच्या आत या, उन्हाबरोबर डास वाढतात. चपला जुन्या घाला. फुलं तोडू नका. तोडणारे दिसले, त्यांना पुतण्याने टोकलं आणि थोडी बोलाचालीही झाली.

घरी आलो तर आई पेटीसमोर मांडी घालून बसलेल्या आणि सगळे गप्प. मुखवटे होते, हात होते, बाळं होती. ज्यांवर महालक्ष्म्या उभ्या करायच्या ते लोखंडी स्टँड अकोल्याला माळ्यावर राहिले होते. स्टँड घेणं ह्यांच्याकडे होतं. ह्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्यांतून बाहेर बघून घेतलं.

पंचांगाप्रमाणे आवाहन संध्याकाळी साडेपाचच्या आत व्हायला हवं होतं. रविवार, त्यात गणपती. पुतण्याने फोनवर शोधलं, स्टँड मंगळवारी घरपोच मिळत होते. मंगळवारी विसर्जन! कोणी सुचवलं पाण्याचे वीस लिटरचे जार उलटे ठेवू. आईंनी सुचवणाऱ्याकडे नुसतं पाहिलं.

तेव्हा पुतणसुनेला करावे गावातल्या काकू आठवल्या. फ्लॅट घेण्याआधी ही दोघं सहा वर्षं त्यांच्याकडे भाड्याने होती. काकू आगरी. सिडको या सरकारी महामंडळाने नवी मुंबई वसवायला ठाणे-रायगडातल्या ९५ गावांची जमीन घेतली, त्या गावांपैकी हे एक. वरून पाहिलं तर टॉवरच्या मधोमध एक दाटीवाटीचं गाव दिसतं, ते हे.

रिक्षाने दहा मिनिटं लागली. काकूंची गौर नुकतीच घरात आली होती. तेरड्याचीच, मुळं धुतलेली, हिरवी साडी आणि वर कागदी मुखवटा. आईंनी आधी तिला हळदकुंकू वाहिलं, मगच काम काढलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि आतून दोन तांब्याचे हंडे आणले. जुने, बुडाला पोचे पडलेले, पण चिंचेने लख्ख घासलेले. "माजे सासूचं हायत. यांत धान भरा न् बसवा तुमचे पोरींना. हालायच्या नाय."

बोलता बोलता काकू म्हणाल्या, उद्या आमच्याकडे तिखटाचा निवद असतो, मटण आणि तांदळाची भाकरी. मी आईंकडे पाहिलं. अकोल्यात महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत आमच्या घरात कांदा-लसूणही येत नाही. काकूंनाही ते जाणवलं असावं. म्हणाल्या, "आमची गवर म्हंजे म्हायेरा आयलेली पोर. तिला जा आवरतं ता करावा." आई जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या पोरीले पुरण आवडते." आणि दोघी हसल्या.

परत आल्यावर धान्याचा प्रश्न उभा राहिला. हंड्यांत गहू-तांदूळ भरायचे, तर घरात होती पाच किलो कणीक आणि अर्धी पिशवी तांदूळ. आई स्वयंपाकघरभर फिरल्या, ओट्याखालची कपाटं उघडली. "धान्य कुठं ठेवता तुम्ही?" पुतणसून म्हणाली, "आजी, संपलं की मागवतो. अर्ध्या तासात येतं." आईंना हे समजलं, पण पटलं नाही. दहा किलो गहू खरंच पंचवीस मिनिटांत आले. आणून देणारा मुलगा दारातली रांगोळी ओलांडू का विचारत उभा राहिला. आई त्याला म्हणाल्या, "ये बाबा, आत ये. तू धान्य घेऊन आला." त्याच्या हातावर पेढा ठेवला. पहिली पावलं त्याचीच पडली म्हणायची.

आवाहन पाच वाजता झालं. लिफ्टपासून दारापर्यंत हळदीकुंकवाची पावलं. शेजाऱ्यांनी चपलांचं कपाट आपणहून सरकवून जागा केली. थाळी-चमचा वाजवत, "महालक्ष्म्या आल्या?" "आल्या!" "कशाच्या पावलांनी?" "सोन्याच्या पावलांनी, धनधान्याच्या पावलांनी, लेकराबाळांच्या पावलांनी!" पुढे ज्येष्ठा, मागे कनिष्ठा. हा क्रम आमच्याकडे कधी चुकत नाही. घर दाखवायचं असतं, ते दाखवलं. हॉल, गणपती, स्वयंपाकघर, तिजोरीच्या ठिकाणी लोखंडी कपाट. आई म्हणाल्या धान्याचं घर दाखवा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी दोघींना हंड्यांवरच बसवलं.

सोमवार, १ सप्टेंबर : पूजन

पहाटे चारला पहिला धक्का आंबिलीने दिला. ज्वारीचं पीठ अकोल्याहून आणलेलं, ताकात भिजवून आदल्या दिवशी दुपारी ठेवलं होतं. आमच्याकडे सकाळपर्यंत जेमतेम आंबतं. इथल्या दमट हवेत ते रात्रीच फसफसून पातेल्याबाहेर आलं होतं. दुसरा धक्का फुलोऱ्याचा. देवीच्या डोक्यावर टांगायच्या करंज्या, पापड्या, वेण्या, फण्या आम्ही रात्री तळून ठेवल्या होत्या. सकाळी हात लावला तर सगळं सादळलेलं. पापडी दोऱ्यात ओवताना वाकायची, मोडायची नाही. वातीसुद्धा ओलसर, दोनदा विझल्या. श्रीसूक्तात तिला तीनदा 'आर्द्रा' म्हटलंय, ओली. मी हे बोलून दाखवलं, तर जाऊबाई म्हणाल्या, "तिला चालतं ग, पण माझ्या करंज्यांचं काय?" विदर्भातून येऊन इथे फुलोरा करणाऱ्यांनी तळण पहाटेच करावं आणि गार होताच हवाबंद डब्यात भरावं, टांगायच्या ऐन वेळी काढावं.

सोळा भाज्या मात्र सहज जमल्या, आदल्या संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या बाजारातच. अकोल्यात चौदानंतर आमची ओढाताण सुरू होते. इथे अळू, घोसाळी, शिराळी, लाल माठ, सुरण, भोपळीची फुलं, पंधरावी झाली तरी टोपल्या संपेनात.

दागिने घालायचं काम पुतण्याच्या मुलीकडे होतं. दुसरीत आहे. पुतळ्यांची माळ, वज्रटीक, नथ, बाजूबंद. ती विचारते, "आजी, एवढं सगळं कशाला?" मी तिला शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली गोष्ट सांगितली. प्रजापतीने तप केलं, त्यातून श्री निघाली, झळझळीत. देवांना तिचा हेवा वाटला. म्हणाले, हिला मारून सगळं घेऊ. प्रजापती म्हणाला, बाईमाणसाला मारत नाहीत, न मारता घ्या. मग अग्नीने तिचं अन्न घेतलं, सोमाने राज्य, इंद्राने बळ, सवित्याने राष्ट्र, त्वष्ट्याने रूप. असे दहा जण. ती उघडी पडली.

"मग?"

"मग तिने प्रत्येकाला आहुती दिली आणि एकेक करून परत मागितलं."

"दिलं?"

"दिलं."

पोरीने कनिष्ठेच्या कानात कुडी अडकवली. "हे रूप." वज्रटीक घातली. "हे बळ." नथीला काय म्हणावं सुचेना, तर म्हणाली, "हे राष्ट्र." नथ जरा वाकडी बसली होती, आम्ही कोणी ती सरळ केली नाही.

पूजा सांगायला गुरुजी मिळाले नव्हते, म्हणून श्रीसूक्त मीच म्हटलं. खरं तर ही ऋग्वेदाच्या मुख्य संहितेतली रचना नाही, खिलसूक्त आहे, मागाहून जोडलेलं. पण लक्ष्मीचं यापेक्षा जुनं सलग स्तवन दुसरं नाही. मूळ ऋग्वेदात 'लक्ष्मी' शब्द आहे तो खूण, चिन्ह अशा अर्थाने. तिथे ती अजून कोणी बाई झालेली नाही. अथर्ववेदात तर माणसाबरोबर एकशे एक लक्ष्मी जन्मतात असं म्हटलंय, काही चांगल्या, काही पापी. वाईट असतील त्यांना हाकलायचं, चांगल्या ठेवून घ्यायच्या.

मी आठव्या ऋचेवर आले. क्षुत्पिपासामलां ज्येष्ठामलक्ष्मीं नाशयाम्यहम्. पुतणसून हात जोडून शेजारी बसली होती. हळूच म्हणाली, "काकू, ज्येष्ठा म्हणजे ह्याच ना, या मोठ्या?"

मी थांबले.

तिचं बरोबर होतं. भूक आणि तहान यांनी मळलेली, थोरली, ती अलक्ष्मी, तिचा मी नाश करतो, असा त्या ओळीचा अर्थ. पुराणांत तिची हकीगत आणखी वाईट आहे. समुद्रमंथनात ही आधी निघाली म्हणून थोरली, पण पदरी घ्यायला कोणी तयार नाही. लिंगपुराणात तिला दुःसह नावाच्या ऋषीच्या गळ्यात बांधलंय. पद्मपुराणात नवरा तिला पिंपळाखाली बसवून जातो तो परत येतच नाही, मग धाकटी लक्ष्मी शनिवारी तिला भेटायला येते. आता आपल्या गौरीतली ज्येष्ठा तीच का, यावर वाद घालता येईल. पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर होतं, नाव तिथूनही आलेलं असू शकतं. हे सगळं मी पुतणसुनेला सांगितलं, जसं वर्गात सांगितलं असतं.

आई मागे खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येतं असं आम्ही समजतो. म्हणाल्या, "ज्यानं हे लिव्हलं ना, त्याच्या घरी दोन पोरी नसतीन. मोठीले आधी वाढ. लहानी थांबते, मोठी रुसते."

मी पुढची ऋचा म्हटली. आठवी पुन्हा म्हटली नाही. इतकी वर्षं दर महालक्ष्म्यांना या दोघींसमोर बसून मी ती ओळ खड्या आवाजात म्हणत आले आहे, आणि आमच्याकडे आधी घरात येते ती थोरली, आधी ओटी तिची, आधी ताट तिचं, हेही दर वर्षी माझ्याच हाताने करत आले आहे. दोन्ही गोष्टी एकाच पाटावर बसून. शिकवणारीलाच दिसलं नव्हतं.

दुपारी बारा पानं उठली. पुरणपोळी, कढी, वडे, सोळा भाज्यांची एकत्र भाजी, आणि ती उतू गेलेली आंबील, जी चवीला नेहमीपेक्षा सरस झाली होती. तीन जणांनी मागून घेतली. सातव्या मजल्यावरच्या तमिळ मामी जेवायला होत्या. मुखवटे पाहून त्यांना फार आनंद झाला. श्रावणातल्या वरलक्ष्मीला त्याही कलशावर चांदीचा चेहरा बसवतात, कलशात तांदूळ असतात, आणि दुसऱ्या दिवशी तो कलश तांदळाच्या डब्यात नेऊन ठेवतात. "तुमच्याकडे तांदळाचा डबा आहे?" आईंनी थेट विचारलं. मामी म्हणाल्या, "पंचवीस किलोचा." आईंनी नातसुनेकडे पाहिलं.

संध्याकाळी हळदीकुंकवाला पन्नासेक बायका येऊन गेल्या. एकीने महालक्ष्म्यांबरोबर सेल्फी काढताना विचारलं, बसवल्या कशावर, स्टँड फार छान आहे. ह्यांनी पेपर चेहऱ्यासमोर धरला.

मंगळवार, २ सप्टेंबर : उठवण

मूळ नक्षत्रावर आमच्या महालक्ष्म्या पाण्यात जात नाहीत. दहीभाताचा नैवेद्य, सुताच्या सोळा गाठींचे दोरे, अक्षता टाकायच्या आणि मुखवटे जागेवरून जरासे हलवायचे. झालं. मग दागिने उतरवायचे, पुसायचे, लुगड्यात गुंडाळायचे. पोरगी रडली. आईंनी तिला हंड्यातले गहू ओंजळीने काढायला बसवलं, त्यात तिचा वेळ गेला.

हंडे रिकामे परत करायचे नसतात. दोन्हींत दोन-दोन किलो गहू ठेवले, वर पुरणपोळ्या, आणि संध्याकाळी करावेत गेलो. काकूंच्या गौरीचं आणि सात दिवसांच्या गणपतीचं एकदमच विसर्जन होतं. बेंजो, खालू बाजा, गल्लीत गुडघाभर गर्दी पोरांची. बायका सुपं घेऊन निघाल्या. गावातल्या तळ्याच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या, पालिकेचे लोक दोरी धरून उभे. जाणार असाल तर वयस्क माणसांना खालच्या पायरीपर्यंत नेऊ नका. आम्ही आईंना वरच खुर्ची मिळवून दिली.

तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण मी हजारदा वापरली असेल. काकूंच्या हातातली जुडी पाहिली. फुलं गळून गेलेली, पानं मलूल, देठ मात्र अजून हिरवे. काकूंनी ती मुळांकडून पाण्यात सोडली. परतताना त्यांनी तळ्याच्या काठची मूठभर ओली माती पदरात घेतली. घरी नेऊन तुळशीत टाकतात म्हणे.

चहा पिताना मार्गशीर्षाचा विषय निघाला. काकू दर गुरुवारी महालक्ष्मीचं व्रत करतात, पोथी वाचतात. भद्रश्रवा राजाची ती गोष्ट आमच्याकडेही वाचतात. राणी सुरतचंद्रिका म्हातारीच्या रूपात आलेल्या देवीला हाकलते, राज्य जातं, लेक शामबाला मात्र व्रत करून सुखात असते. मग ती माहेरी येते, आणि सासरी परत जाताना नवऱ्यासाठी काय नेते, तर मीठ. नवरा विचारतो माहेरून काय आणलंस, म्हणते राज्याचं सार. आणि त्याला आधी अळणी जेवण वाढते.

काकू म्हणाल्या, "तुमचा पुतन्या ज्या बाजूला ऱ्हातो ना, थय मिठागरं व्हती. माजा सासरा मीठ वल्यात कारायचा. राज्याचं सार सगला सिमिटाखाली गेला." हे त्यांनी तक्रारीसारखं सांगितलं नाही. पण चहा संपेपर्यंत कोणी दुसरा विषय काढला नाही.

निघताना त्यांनी गव्हाची आमची पिशवी परत दिली. तीही रिकामी नव्हती. आत जाडं मीठ होतं, करड्या रंगाचं, खडे एकमेकांना चिकटलेले. उरणकडच्या नातेवाइकांचं.

बुधवार, ३ सप्टेंबर

मुखवटे नेरूळलाच राहिले, पुढच्या वर्षी आमच्या पाळीला पुतण्या घेऊन येईल, स्टँड आम्ही माळ्यावरून उतरवून ठेवू. निघायच्या आधी आईंनी पुतणसुनेला घेऊन ओट्याखालचं एक कपाट रिकामं केलं. त्यात वाफल मेकर होता, दोन वर्षं न उघडलेला. त्या जागी पत्र्याचा डबा आणि महालक्ष्म्यांखालचे उरलेले गहू. ती ते टिकवेल की नाही माहीत नाही. दमट हवेत गव्हाला टोके होतील अशी मलाच धास्ती आहे, कडुनिंबाचा पाला घालायला सांगितलंय.

परतीला ठाण्याहून रात्रीची गाडी. पेटी हलकी होती, एका हाताने उचलली जात होती. बर्थखाली सरकवताना आतून खडखड आवाज आला. आई म्हणाल्या, "थांब, उघड एकदा." लुगड्याच्या घडीत त्यांनी मिठाची पिशवी ठेवली होती, तिची गाठ सुटली होती. त्यांनी चार खडे वेचून पिशवीत घातले, एक तोंडात टाकला, आणि नवी गाठ मारली.